तुमचा नंबर माझ्या फोनात आहे

गेल्या अंकात ओटीपीच्या फसवणुकीवर लिहिलं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली, की सोशल मीडियावरच्या आपल्या माहितीबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. पत्रांचा ढीग आला. ईमेल, व्हॉइस मेसेज, चार पोस्टकार्डं पण. सगळी वाचली. त्यातली सहा इथे घेतेय, थोडी कापून आणि कुणाचंही नाव न छापता. ज्यांना नाव छापून हवं होतं त्यांनी रागवू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६८. मुलाच्या आग्रहाखातर एका सोशल मीडिया साइटवर खातं उघडलं. नाव आणि मोबाईल नंबर एवढंच दिलं, फोटोसुद्धा टाकला नाही. पाच मिनिटांत "यांना ओळखता का?" म्हणून माणसं दिसायला लागली. ३० वर्षांपूर्वीची एक विद्यार्थिनी, आमच्या यजमानांचे डॉक्टर, गॅस सिलिंडर आणणारा मुलगा, आणि एक नातेवाईक ज्यांच्याशी आमचं कित्येक वर्षं बोलणं नाही. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, मग यांना कळलं कसं? मला भीतीच वाटली. (कराड)

उत्तर : बाई, तुम्ही काही सांगितलं नाहीत हे शंभर टक्के खरंय. सांगितलं ते इतरांनी, आणि आपण सांगतोय हे त्यांनाही कळलं नसणार.

त्या विद्यार्थिनीच्या फोनात तुमचा नंबर "मराठीच्या बाई" म्हणून सेव्ह असेल, डॉक्टरांच्या फोनात पेशंटच्या नावानं, गॅसवाल्या मुलाच्या फोनात बिल्डिंगच्या नावानं. या प्रत्येकानं कधीतरी नवीन अ‍ॅप टाकलं, अ‍ॅपनं विचारलं तुमचे कॉन्टॅक्ट्स बघू का, आणि घाईत आपण सगळेच जे करतो तेच त्यांनी केलं, "अलाऊ" दाबलं. तेवढ्यानं फोनमधली अख्खी वही कंपनीच्या कॉम्प्युटरवर गेली आणि त्या वहीत तुम्ही होतात. म्हणजे तुमचं खातं नव्हतं तेव्हाही तुमचा नंबर तिथे दहा-वीस वेगवेगळ्या नावांनी पडलेला असू शकतो. तुम्ही नंबर टाकलात त्या क्षणी त्या सगळ्या तारा जुळल्या. ज्यांच्याशी बोलणं नाही त्यांच्या फोनात पण तुमचा नंबर अजून आहे एवढाच याचा अर्थ.

मला या विषयात सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट हीच आहे. आपण म्हणतो "माझा डेटा", पण तो एकट्या माझ्याकडे कधी नसतोच. आपल्या नंबरची, फोटोंची, वाढदिवसाची चावी आपल्या ओळखीच्या प्रत्येकाच्या खिशात असते आणि त्यांची आपल्या खिशात.

केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण आठवतंय का? मार्च २०१८ मध्ये सगळ्या पेपरांत होतं. एका संशोधकानं फेसबुकवर "तुमचा स्वभाव ओळखा" छापाची चाचणी काढली होती, तिथून जमलेली माहिती या राजकीय सल्ला देणाऱ्या कंपनीकडे गेली. त्या वेळी फेसबुकचे नियम असे होते की अ‍ॅप घेणाऱ्यानं परवानगी दिली की त्याच्या मित्रांची माहिती पण ओढता यायची, मित्रांना न विचारता. जगभरात जास्तीत जास्त ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली असावी असं फेसबुकनंच सांगितलं. आता आपल्या देशाचा आकडा बघा. भारतात ते अ‍ॅप घेतलं होतं फक्त ३३५ जणांनी, आणि माहिती गेलेली असू शकते अशा भारतीयांची संख्या निघाली ५,६२,४५५. एका माणसामागे सोळाशेच्या वर! त्या साडेपाच लाखांनी चाचणी बघितली पण नव्हती. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं फेसबुकला ५०० कोटी डॉलर दंड केला. मित्रांची माहिती ओढायची ती वाट फेसबुकनं त्याआधीच बंद केली होती, पण कॉन्टॅक्टची वाट चालू राहिली. एप्रिल २०२१ मध्ये ५३ कोटींहून जास्त खात्यांची माहिती फोन नंबरसकट उघड्यावर आली ती तिथूनच. कुणीतरी लाखो नंबर कॉन्टॅक्ट म्हणून भरत गेलं आणि साइट सांगत गेली हा अमक्याचा, हा तमक्याचा. या प्रकरणात आयर्लंडच्या डेटा आयोगानं साडेसव्वीस कोटी युरोचा दंड ठोकला.

तुम्ही काय करायचं. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, त्यात ते अ‍ॅप, त्यात परमिशन्स, तिथे कॉन्टॅक्ट्स बंद करा. फेसबुक असेल तर अकाउंट्स सेंटरमध्ये "अपलोड कॉन्टॅक्ट्स" असं आहे, ते बंद करा आणि आधी वर गेलेली यादी पण पुसा (बंद केलं म्हणजे जुनं आपोआप पुसलं जातंच असं धरू नका, वेगळं तपासा). मग प्रायव्हसीत "फोन नंबरवरून तुम्हाला कोण शोधू शकतं" याला "ओन्ली मी" करा. त्या नातेवाइकांना ब्लॉक करायचं तर करा, त्यांना तसा काही निरोप जात नाही.

आणि बाई, एक विनंती. तुमच्या फोनातही शेकडो जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर असतील. पुढचं अ‍ॅप विचारेल तेव्हा त्यांच्या वतीनं "नाही" दाबा.

प्रश्न : मी २० वर्षांची आहे. एका मुलाशी ओळख होती, आता नाही. त्याच्याकडे माझे काही फोटो आहेत जे मीच पाठवले होते. तो म्हणतो परत बोलायला लाग नाहीतर सगळीकडे टाकतो. माझ्या नावानं एक खोटं खातं ऑलरेडी चालू झालंय. घरी सांगू शकत नाही कारण फोटो मीच पाठवलेत. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुला ईमेलवर लगेच कळवलं होतं, इथे परत लिहितेय कारण अशी आणखी तीन पत्रं आलीत.

आधी हे वाच. फोटो तू पाठवलास म्हणून तो पसरवायचा हक्क त्याला मिळत नाही. हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये, कायद्यात लिहिलंय. भारतीय न्याय संहितेचं ७७ वं कलम आहे, त्याच्या स्पष्टीकरणात स्वच्छ म्हटलंय की स्त्रीनं तसा फोटो काढायला संमती दिली असेल पण तिसऱ्या कुणाला दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणं हा गुन्हाच. आयटी कायद्याचं ६६ ई कलम वेगळं आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एकाला दाखवायला दिलेली परवानगी जगाला दाखवायची परवानगी होत नाही, हे तुझ्या मनात पक्कं बसू दे.

आता कामाचं. चॅट डिलीट करू नकोस, कितीही किळस आली तरी. धमकीचे स्क्रीनशॉट काढ, त्यात तारीख आणि त्याचं युजरनेम दिसलं पाहिजे. खोट्या खात्याची लिंक कॉपी करून ठेव, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मग त्या खात्याची तक्रार तू स्वतः कर, कारण २०२१ च्या आयटी नियमांनी नग्न, मॉर्फ केलेले (जोडतोड करून बनवलेले) किंवा तोतयेगिरीचे फोटो काढून टाकायला कंपनीला जी मुदत दिली (आधी २४ तास, फेब्रुवारी २०२६ पासून २ तास) ती त्या व्यक्तीच्या किंवा तिच्या वतीनं केलेल्या तक्रारीवर. मैत्रिणींनी शंभर रिपोर्ट मारले तर त्याला हे वजन येत नाही.

अजून पसरले नसतील ते फोटो आधीच अडवायला स्टॉप-एनसीआयआय नावाची सोय आहे, इंग्लंडमधली एक संस्था चालवते. भीती वाटेल की तिथे परत फोटो द्यायचा का, तर नाही. फोटो तुझ्याच फोनमध्ये राहतो, त्याचा एक आकड्या-अक्षरांचा ठसा तयार होतो आणि फक्त ठसा कंपन्यांना जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम यात आहेत. तोच फोटो कुणी चढवायला गेलं की ठसा जुळतो आणि तो अडवता येतो. (१८ च्या आतल्यांसाठी अशीच दुसरी सोय आहे, टेक इट डाउन.)

सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देता पण तक्रार करता येते. पण तुझ्या बाबतीत धमकी देणारा माणूस माहीत आहे, तेव्हा नाव देऊन केलेली तक्रार जास्त कामाची. कुठल्याही पोलिस ठाण्यात जा, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. पैसे मागितले तर एक रुपया देऊ नकोस. आणि घरी एका माणसाला सांग. आईला नाही जमत तर मावशीला, आत्याला, दादाला. तुझी वाट बघत फोन शेजारी ठेवलाय मी, उत्तर पाठव.

प्रश्न : आमचं बाळ नऊ महिन्यांचं आहे. सासूबाई रोज त्याचे फोटो सोशल मीडियावर टाकतात, बारशाची अख्खी पत्रिका टाकली, आंघोळीचा व्हिडिओ पण टाकला. मी एकदा बोलले तर दोन दिवस जेवल्या नाहीत. म्हणाल्या, माझा नातू आहे, मला हक्क नाही का? नवरा म्हणतो जाऊ दे. कायदा काय म्हणतो? (नाशिक)

उत्तर : कायदा तुमच्या घरात येणार नाही, हे आधी सांगून टाकते. २०२३ चा आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मुलांबद्दल बराच कडक आहे, १८ वर्षांखालच्या मुलाचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, मुलांवर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून १८ महिने दिलेत. पण हे सगळं कंपन्यांना. माणसानं स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो कायदा लागू नाही असं त्यातच लिहिलंय. म्हणजे आजी सुटल्या.

फ्रान्सनं मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये याचाच कायदा केला. मुलाच्या खाजगीपणाची, त्याच्या फोटोंची राखण ही आईवडिलांची दोघांची जबाबदारी, आणि मूल जसं मोठं होईल तसं त्याचं मत घ्यायचं. मला हे फार पटतं. ज्याचा फोटो आहे त्याला बोलता येत नाही तोपर्यंत त्याच्या वतीनं कुणीतरी विचार करायला हवा, आणि ते काम तुमचं आणि तुमच्या नवऱ्याचं आहे. तेव्हा "जाऊ दे" म्हणायची सोय त्यांना नाही. आईशी बोलायचं तर त्यांनीच बोलायला हवं, सुनेनं बोललं की त्याचा मानापमान होतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आणि बोलताना हक्काचा विषय काढू नका. सासूबाईंना नातवाचं कौतुक आहे आणि ते चार लोकांना सांगावंसं वाटतंय, यात वाईट काहीच नाही. पूर्वी त्या वाड्यात बाळाला कडेवर घेऊन दारोदार दाखवून आल्या असत्या. फरक फक्त एवढा, की वाड्यातल्या माणसांना त्या ओळखत होत्या. बारशाची पत्रिका त्यांच्यासमोर धरा आणि एकेक वाचून दाखवा. बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, वेळ, दवाखाना, आईचं माहेरचं आडनाव, घराचा पत्ता. हे सगळं एका फोटोत आहे. उद्या या मुलाच्या नावानं कुणाला काही उघडायचं असेल तर लागणारं निम्मं सामान तिथे आयतं मांडलंय. हे भीती घालून नाही, शांतपणे सांगा.

मग पर्याय द्या, नुसतं बंद करा म्हणू नका. घरच्या माणसांचा एक ग्रुप करा आणि तो सासूबाईंच्याच हातात द्या, त्याच अ‍ॅडमिन, फोटो त्यांनीच टाकायचे. बाहेर टाकायचा तर पाठमोरा, मुठीचा, पायाचा फोटो. तारीख, जागा, शाळेचा युनिफॉर्म नको. आंघोळीचा व्हिडिओ मात्र आजच काढा, तिथे मध्यममार्ग नाही. गेल्या वर्षी एका महिला मंडळात मी हे बोलले तेव्हा एक आजी उठून म्हणाल्या, "नातीला विचारून टाकते आता, ती सहा वर्षांची आहे, ती दहातल्या सात वेळा नको म्हणते." ते वाक्य मी तेव्हापासून सगळीकडे सांगते.

प्रश्न : आम्ही घरी मिक्सर घ्यायचं बोलत होतो, फोन टेबलावर होता. रात्री मिक्सरच्याच जाहिराती. फोन ऐकतो हे आता तरी मान्य करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपचं ते कुलूपबंद की काय, ते खरं का? (ठाणे)

उत्तर : हा प्रश्न दर कार्यक्रमात येतो. कंपन्या माइकवरून आपलं बोलणं ऐकून जाहिराती दाखवतात याचा भक्कम पुरावा आजवर पुढे आलेला नाही. तुम्हाला हे ऐकून बरं वाटेल असं नाही, कारण त्यांना ऐकायची गरजच पडत नाही. मिक्सरचं बोलणं निघालं त्याआधी घरातल्या कुणीतरी कुठल्यातरी साइटवर मिक्सर बघितला असणार, तुम्ही सगळे एकाच वायफायवर आहात, आणि असंख्य दुकानांच्या साइटवर मेटाचा (फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप चालवणारी कंपनी) एक अदृश्य तुकडा बसवलेला असतो तो ही भेट कळवतो. हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. फेसबुक किंवा इन्स्टाच्या अकाउंट्स सेंटरमध्ये "युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स" आणि त्यात "युअर अ‍ॅक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज" उघडा. कुठकुठल्या दुकानानं, अ‍ॅपनं तुमच्याबद्दल कळवलंय याची यादी येईल. बसूनच बघा. तिथेच जुनं पुसता येतं आणि पुढचं तुमच्या खात्याला जोडणं थांबवता येतं. जाहिराती कमी होणार नाहीत पण त्या तुमच्या मागे मागे येणं कमी होईल.

व्हॉट्सअ‍ॅपचं कुलूप खरं आहे. एप्रिल २०१६ पासून मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनात बंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनात उघडतो, मधे कंपनीला वाचता येत नाही. पण पत्र बंद असलं तरी पाकिटावरचं दिसतंच ना, कोण कुणाला, किती वाजता, किती वेळा, कुठल्या ग्रुपमध्ये. आणि क्लाउडवरच्या बॅकअपला वेगळं कुलूप लागतं, ते सेटिंगमध्ये जाऊन आपण लावायचं.

हे पाकीट कुणाचं यावरच आपल्याकडे मोठी लढाई झाली. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं नवीन अटी आणल्या, मान्य करा नाहीतर जा असा सूर. त्याआधी २०१६ च्या बदलात निदान जुन्या ग्राहकांना फेसबुकला माहिती द्यायला नको म्हणायची सोय होती, यात नव्हती. आपल्या स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये यासाठी मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला आणि जाहिरातीसाठी ही माहिती ५ वर्षं द्यायची नाही असं बजावलं. वर्षानं अपील न्यायाधिकरणानं दंड तसाच ठेवला पण ५ वर्षांची बंदी उठवली. मला स्वतःला बंदी राहायला हवी होती असं वाटतं, एवढ्या मोठ्या कंपनीला दंड म्हणजे खर्चाची एक ओळ होऊन जाते.

आणखी एक गोष्ट करा, आपली माहिती मागवा. २०११ मध्ये मॅक्स श्रेम्स नावाच्या ऑस्ट्रियातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यानं फेसबुककडे स्वतःची सगळी माहिती मागितली तर त्याला १२०० पानांहून जास्त आलं, त्यात त्यानं पुसून टाकलेले मेसेज पण होते! तो पोरगा तिथून कोर्टात गेला आणि युरोपातून अमेरिकेत डेटा न्यायचे दोन करार त्याच्या खटल्यांमुळे रद्द झाले, २०१५ मध्ये एक आणि २०२० मध्ये दुसरा. आता "डाउनलोड युअर इन्फर्मेशन" हे बटण कुणालाही दाबता येतं. फाइल यायला वेळ लागतो, आली की लॅपटॉपवर उघडा.

प्रश्न : मी आमच्या सोसायटीचा नवा सेक्रेटरी. आमच्या ग्रुपवर भाडेकरूंच्या आधार कार्डांचे फोटो, मेन्टेनन्स थकवणाऱ्यांची यादी, आणि परवा तर एका भाडेकरू मुलीचा रात्री उशिरा आल्याचा सीसीटीव्ही क्लिप टाकला गेला. काही जण म्हणतात आपलाच ग्रुप आहे, त्यात काय. मला पटत नाही पण बोलू कसं? (डोंबिवली)

उत्तर : तुम्हाला पटत नाही याबद्दल मनापासून आभार, कारण ग्रुपवर गप्प बसणाऱ्यांपैकी बहुतेकांना पटत नसतं.

तो क्लिप आधी. ज्यानं टाकला त्याला "डिलीट फॉर एव्हरीवन" करायला लावा, त्यानं नाही केलं तर तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून करा आणि त्या मुलीची सोसायटीतर्फे माफी मागा. कॅमेरा चोरासाठी बसवलाय. फुटेज कोण बघणार, किती दिवस ठेवणार, कुणाच्या लेखी परवानगीनं बाहेर देणार हे कमिटीच्या ठरावात लिहून घ्या. पोलिसांनी मागितलं तर पोलिसांना द्यायचं, ग्रुपवर नाही. एकट्या राहणाऱ्या मुलीची येण्याजाण्याची वेळ ८० घरांना कळवणं हे धोक्याचं आहे, तुमच्या ग्रुपवरून तो क्लिप कुठे गेला हे कुणालाही सांगता येणार नाही.

आधारचं सोपं आहे. आधारच्या साइटवरून "मास्क्ड आधार" काढता येतं, त्यात फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. ते घ्या, सेक्रेटरीच्या ईमेलवर घ्या आणि ग्रुपवरचे जुने सगळे फोटो पुसायला सांगा. थकबाकीचा विषय कमिटीत आणि सभेत घ्या.

"आपलाच ग्रुप" म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगा. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं दिला. ज्यांच्या नावानं तो ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, त्यांनी आधारच्या योजनेविरुद्ध याचिका केली तेव्हा वय होतं ८६. एवढ्या वयात माणूस कोर्टात गेला तो आपल्या सगळ्यांच्या वतीनं. आणि नवीन डेटा कायदा पूर्ण लागू झाला की लोकांची डिजिटल माहिती ठेवणारी सोसायटीही त्याच्या कक्षेत येऊ शकते, तेव्हा आत्तापासून शिस्त लावलेली बरी.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मागच्या वर्षी अचानक गेला, ३४ वर्षांचा होता. त्याचं सोशल मीडियाचं खातं तसंच आहे. वाढदिवसाला सगळ्यांना नोटिफिकेशन गेलं, लोकांनी "जियो भावा" लिहिलं. आई ते बघून रडत बसली. पासवर्ड कुणाकडेच नाही. बंद करावं तर त्याचे फोटो जातील असं आईला वाटतं. आम्ही काय करू? (सोलापूर)

उत्तर : ताई, पत्र वाचून दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही.

बंद करणं हा एकच मार्ग नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे खातं स्मृतीत रूपांतरित करता येतं, त्यांच्या भाषेत "मेमोरियलाइज". मृत्यूचा दाखला जोडून त्यांच्या मदत विभागातून अर्ज करायचा. मग फेसबुकवर नावाजवळ "रिमेम्बरिंग" असं येतं, वाढदिवसाची आठवण लोकांना जाणं थांबतं, त्यात कुणालाही लॉगिन करता येत नाही, आणि त्यानं टाकलेले फोटो ज्यांना आधी दिसत होते त्यांना दिसत राहतात. आईंना बहुतेक हेच हवंय.

त्याचे मेसेज मात्र तुम्हाला मिळणार नाहीत. जर्मनीत एका आईवडिलांनी यासाठी अनेक वर्षं लढा दिला. त्यांची १५ वर्षांची मुलगी २०१२ मध्ये बर्लिनमध्ये रेल्वेखाली गेली, अपघात की आत्महत्या हे त्यांना कळत नव्हतं, आणि उत्तर तिच्या मेसेजमध्ये असेल असं वाटत होतं. फेसबुक नाही म्हणालं. शेवटी २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं सांगितलं की पत्रं आणि डायऱ्या जशा वारसांकडे जातात तसंच हे खातंही जातं. दुसऱ्या बाजूनं विचार केला तर ज्या मैत्रिणींनी तिला विश्वासानं लिहिलं त्यांचं काय, हाही प्रश्न उरतोच, आणि मला त्याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. तुमच्या भावाच्या इनबॉक्समध्येही त्याच्या मित्रांची मनं आहेत. न उघडता राहिलं तर राहू द्या, असं मला वाटतं.

आपल्या २०२३ च्या कायद्यात एक चांगली गोष्ट आहे, आपल्या मागे आपल्या डेटाबद्दलचे हक्क कुणी वापरायचे यासाठी नॉमिनी नेमायचा हक्क. बँकेत नेमतो तसाच. ते कलम लागू होईपर्यंत थांबायची गरज नाही, फेसबुकवर "लेगसी कॉन्टॅक्ट" आहे आणि गुगलवर "इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर", तुमचं आणि आईंचं आजच करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

पण अर्जाची घाई करू नका. आधी तुमच्या आणि त्याच्या मित्रांच्या खात्यांवरून जेवढे फोटो, व्हिडिओ दिसतायत ते एकेक उतरवून घ्या, खालच्या कॉमेंट्सचे स्क्रीनशॉट घ्या, त्याच्या आवाजातले व्हॉइस मेसेज ज्यांच्याकडे असतील त्यांना मागा. शाळेतले, कॉलेजचे, ऑफिसचे, प्रत्येकाकडे त्याचा थोडा थोडा भाग असेल. सगळं एका पेनड्राइव्हवर घ्या, दुसरी कॉपी करा, चांगले पंचवीस-तीस फोटो छापून आईंच्या हातात द्या. मग अर्ज करा.